हजाराची साखळी

हजार मण्यांची साखळी वर्गात मावत नाही. दहा-दहा सोनेरी मण्यांच्या शंभर सळ्या एकीत एक अडकवलेल्या. सरळ पसरली तर पंचवीस-तीस फूट जाते. मग व्हरांडा गाठायचा. सहा वर्षांचं पोर एकटं निघालं की उंबऱ्यापाशीच गुंता होतो आणि कुणाला तरी हाक मारावी लागते. धावून येणारा बहुधा आठ वर्षांचा असतो. दोन वर्षांपूर्वी त्यानेही इथेच गुंता केलेला असतो.

दोघं गुडघ्यांवर बसून मोजत जातात. दहा-दहाला निळी चिठ्ठी, शंभराला लाल. ‘तीनशे अठ्ठेचाळीस’पर्यंत गाडी सुरळीत चालते, पुढे लहानगा ‘तीनशे चाळीसनऊ’ म्हणतो. एकोणपन्नास ही मराठी मुलांची जुनी ठेच. मोठा हसतो, पण उत्तर देत नाही. बोट धरून मागच्या निळ्या चिठ्ठीपाशी नेतो. कधीकधी उत्तर देऊनही टाकतो, कारण तोही आठच वर्षांचा आहे.

माँटेसरी पद्धतीच्या प्राथमिक वर्गात सहा ते नऊ आणि नऊ ते बारा अशा वयाची मुलं एकत्र असतात आणि प्रत्येक साहित्य एकच ठेवलेलं असतं. पैसे वाचवायला नव्हे, मुद्दाम. साखळी दुसऱ्याकडे असेल तर थांबायचं, दुसरं काम काढायचं, नाहीतर ‘मी शेजारी बसू का?’ असं विचारायचं. सकाळी जवळपास तीन तास घंटा होत नाही. कोणतं काम, कुणाबरोबर, किती वेळ, हे बरंचसं मूल ठरवतं आणि आपल्या वहीत लिहितं. ताई एकावेळी चार-पाच जणांना घेऊन बसलेल्या असतात. बाकीच्यांना अडलं तर आधी शेजारी. इथली मैत्री बरीचशी या अडण्यातून होते.

भांडणंही होतात. मोठी मुलगी फारच ‘ताई’गिरी करते, दोन जिवलग तिसऱ्याला चटईवर बसू देत नाहीत. त्यात तीन वर्षं त्याच ताई आणि बरीचशी तीच मुलं, त्यामुळे ‘पुढच्या वर्षी तुकडी बदलेल’ ही पळवाट नाही. जूनमध्ये मोठी मुलं वरच्या वर्गात जातात, तेव्हा मागे राहिलेल्या काहींचा चेहरा उतरतो.

आपल्याकडे ‘माँटेसरी’ म्हणजे चिमुकल्यांची बालवाडी, असा समज पक्का बसला आहे. गंमत अशी, की मोठ्या मुलांच्या शिक्षणाचा या पद्धतीतला विचार बराचसा भारतातच आकाराला आला. या पद्धतीच्या जनक मारिया माँटेसरी १९३९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मद्रासला आल्या. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि इंग्रजांच्या लेखी त्या शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरल्या. मुलगा मारिओ याला अहमदनगरच्या (आताचं अहिल्यानगर) छावणीत ठेवलं. आईच्या सत्तराव्या वाढदिवशी तो सुटला. पुढे १९४२ ते १९४४ हा काळ मायलेकांनी कोडाईकनालला काढला. तिथे वेगवेगळ्या वयाची मुलं, डोंगर, झाडं, किडे हाताशी होते; त्यातून सहा ते बारा वयाचा अभ्यासक्रम उभा राहिला.

मैत्रीचं मोजमाप करणं अवघडच. तरी अँजेलिन लिलार्ड आणि निकोल एल्स-क्वेस्ट या संशोधकांनी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात ते करून पाहिलं. ‘सायन्स’ या नियतकालिकात २००६ साली आलेल्या या अभ्यासात सोडतीने माँटेसरी शाळेत प्रवेश मिळालेली ५९ मुलं आणि सोडतीत हुकलेली ५३ मुलं होती. बारा वर्षांच्या माँटेसरी मुलांना आपली शाळा अधिक आपुलकीची वाटत होती. एका शहरातली ११२ मुलं. त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण सोडतीमुळे ‘आईबापच वेगळे’ हा आक्षेप बराच बोथट होतो.

महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ मिश्र वयाच्या विचाराकडे दुसऱ्याच वाटेने पोचल्या. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली पाड्यांतल्या मुली शाळेत येत नव्हत्या, कारण कडेवर धाकटं भावंड असे. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून ‘विकासवाडी’ झाली; भावंडं एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात राहिली. जी मुलं गुरं सोडून येऊ शकत नव्हती त्यांच्यासाठी कुरणशाळा काढली, शिक्षकच चराईच्या रानात गेले. गुरं राखायला काही एकाच इयत्तेची मुलं जात नाहीत!

आजही वाड्यावस्त्यांवरच्या द्विशिक्षकी शाळांत पहिली ते चौथीची मुलं एक-दोन खोल्यांत बसतात. साठपर्यंत पट असेल तर प्राथमिक शाळेला दोन शिक्षक, असं शिक्षणहक्क कायदाच सांगतो. मिश्र वय तिथे आहे, पण साहित्य आणि मोकळीक नसली की त्याची निव्वळ ओढाताण होते, हे कबूल करायला हवं. गुरुजी केंद्राच्या बैठकीला गेले की बाई एकट्या आणि समोर चार इयत्ता. अशा वेळी चौथीतली एखादी मुलगी कुणी न सांगता पहिलीच्या पोरांत जाऊन बसते, हात धरून पाटीवर ‘ळ’ गिरवून घेते. साहेब तपासणीला येणार असले, की तिला उठवून पुन्हा तिच्या रांगेत बसवतात.