ताप नेमका कधी आला?

२०२५च्या जानेवारीत डीपसीक या चिनी एआय मॉडेलने अमेरिकेचा शेअर बाजार हादरवला आणि पुढच्याच महिन्यात चिनी इस्पितळांनी ते मॉडेल आपापल्या सर्व्हरवर चढवल्याच्या बातम्यांची रांग लागली. यंत्र केसपेपर वाचेल, डॉक्टरांचा वेळ वाचेल, हे सगळं तेव्हापासून आपल्या कानावर आहेच. रोगाचं किंवा औषधाचं नाव ओळखणं यंत्राला आता फारसं जड जात नाही. घोडं अडतं ते 'कधी'पाशी.

'कधी' चुकलं की काय होतं, ते वुहानने दाखवलं आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि चीन यांच्या २०२१च्या संयुक्त अहवालात सर्वात आधीच्या ज्ञात कोविड रुग्णाला ८ डिसेंबर २०१९ रोजी लक्षणं दिसल्याची नोंद होती. हा माणूस हिशेबनीस; हुआनान बाजाराशी त्याचा संबंध नव्हता. साथ बाजारातून निघाली नाही म्हणणाऱ्यांना आयतंच हत्यार मिळालं. ॲरिझोना विद्यापीठाचे मायकेल वोरोबी यांनी त्याची मुलाखत आणि इस्पितळातल्या नोंदी ताडून पाहिल्या आणि नोव्हेंबर २०२१मध्ये 'सायन्स'मध्ये लिहिलं, की ८ डिसेंबरचं दुखणं दाताचं होतं, ताप आला १६ तारखेला. म्हणजे यादीत सर्वात आधी आली ती त्याच बाजारात मासळी विकणारी एक बाई, ११ डिसेंबरची. वोरोबी बरोबर असतील, तर ८ ही तारीख खोटी नव्हती. ती भलत्याच दुखण्याला चिकटली होती.

केसपेपर वाचणाऱ्या यंत्राकडून, म्हणजे न्यूरल नेटवर्ककडून, हीच कामगिरी हवी आहे: कुठली तारीख कुठल्या दुखण्याची, ते ठरवणं. चिनी केसपेपर याला एका अर्थी सोयीचा. तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या २०१०च्या नियमांनुसार मुख्य तक्रारीत लक्षणाबरोबर कालावधी लिहावाच लागतो, आणि तारखा-वेळा आकड्यांत, चोवीस तासांच्या घड्याळाने. पण चिनी लिपीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. यंत्रापुढे ओळ येते ती साधारण अशी: 'वारंवारखोकला३वर्षेवाढला१आठवडा'. त्यात क्रियापदाला भूतकाळ-भविष्यकाळाची रूपं नाहीत. 'आला', 'येतो', 'येईल' हा फरक आजूबाजूच्या शब्दांवरून काढायचा.

म्हणून नेटवर्क अक्षरागणिक शिक्का मारत जातं: '३'वर 'इथे काळ सुरू', 'वर्षे'वर 'तोच काळ चालू', 'खोकला'वर 'घटना'. ओळ दोन्ही बाजूंनी वाचली जाते, कारण पुढचं अक्षर मागच्याचा अर्थ बदलतं. २०१८ नंतर बर्ट जातीच्या भाषा-मॉडेलांनी हे काम बरंच सुधारलं. मग जोड्या लावायच्या. ३ वर्षे खोकल्याची, १ आठवडा तो बळावल्याचा. इथवर ठीक.

खरा गुंता 'तीन दिवसांपूर्वी' या साध्या शब्दांत आहे. दाखल करतानाच्या कागदावर ते दाखल झाल्याच्या दिवसापासून मोजायचे, रोजच्या नोंदीत त्या दिवसापासून. आणि निवासी डॉक्टरने कालचा परिच्छेद आज जसाच्या तसा चिकटवला असेल, तर 'तीन दिवसांपूर्वी'ही एक दिवस पुढे सरकतं. 'शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी' असेल तर शस्त्रक्रियेची तारीख दुसऱ्याच कागदात शोधावी लागते. शिवाय आपल्याकडचे पेशंट जसं 'गणपतीच्या आधीपासून' म्हणतात, तसं तिथे वसंतोत्सवावरून सांगतात, आणि तो दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो.

या सगळ्यात मला सर्वात भावतो तो संगणकशास्त्रज्ञ जेम्स ॲलन यांचा १९८३चा निबंध. आधी, नंतर, लागून, आत, एकमेकांवर चढलेले, अशी दोन कालखंडांमधली नाती त्यांनी मोजली. ती भरली तेरा. अमेरिकेत २०१२ साली ३१० डिस्चार्ज समरींवर संशोधकांची स्पर्धा झाली, तेव्हा नातीसुद्धा तीनच उरवली: आधी, नंतर, एकमेकांवर चढलेले. त्याहून बारीक नात्यांबाबत माणसांचंच एकमत होईना, तर यंत्राला शिकवणार काय! ॲलन यांची दुसरी शिकवण मात्र विसरून चालणार नाही. ताप खोकल्याआधी आणि खोकला दम लागण्याआधी, तर ताप दम लागण्याआधी असलाच पाहिजे. प्रत्येक जोडी सुटी तपासणारं नेटवर्क खुशाल याच्या उलट उत्तर देतं आणि तेही ठाम आत्मविश्वासाने.

त्यामुळे अचूकतेचे नव्वदच्या पुढचे टक्के दाखवणाऱ्या तक्त्यांनी मी तरी हुरळून जात नाही. उरलेल्या टक्क्यांतच एखादा ८ डिसेंबर असू शकतो. वोरोबींनी कुठलंही मॉडेल न चालवता तो पकडला, कारण त्यांनी एका कागदावर भिस्त ठेवली नाही. इस्पितळांनी विकत घेताना हेच मागावं: काढलेल्या प्रत्येक तारखेखाली तिचं मूळ वाक्य दिसलं पाहिजे, आणि दोन कागद भांडत असतील तर यंत्राने परस्पर निवाडा न करता ते भांडण डॉक्टरांपुढे आणलं पाहिजे. एवढं जमत नसेल तर त्या मॉडेलला केसपेपरला हात लावू देऊ नये.