खाण बंद होण्याआधी

(द्वितीय वर्ष, कला)

पर्यावरण हा शब्द अलीकडे आपल्या महाविद्यालयात वरचेवर ऐकू येतो. वक्तृत्वाचा विषय तोच, निबंधाचा तोच आणि भित्तिपत्रकाचाही तोच. गेल्या वर्षी मीही वक्तृत्व स्पर्धेत बोलले. कोळसा जाळणे थांबले पाहिजे, सूर्याची ऊर्जा वापरली पाहिजे, असे मी ठासून सांगितले आणि उत्तेजनार्थ बक्षीस घेऊन घरी आले. बाबा रात्रपाळीला निघाले होते. डब्याला फडके बांधता बांधता त्यांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, "कोळसा बंद झाला तर मंग आमाले कोन इचारते, बाई?"

बाबा कोळसा खाणीत कंत्राटी कामगार आहेत. मला उत्तर देता आले नाही. पुढे ग्रंथालयात बसून, अर्थशास्त्राच्या सरांना विचारून आणि बाबांच्याच सोबत्यांशी बोलून मी थोडेफार शोधले. तेच प्रस्तुत लेखात मांडत आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. खाणकामगारांच्या मुलांना प्रदूषण हवे असते, असे कोणी समजू नये. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक भागांची यादी केली, तेव्हा आपल्या चंद्रपूरचे नाव तीत अगदी वरच्या क्रमांकांत होते. दोरीवर वाळत घातलेले पांढरे कापड संध्याकाळी कोणत्या रंगाचे होते, हे आम्हाला यादी न पाहताही ठाऊक आहे. तेव्हा बदल व्हावा की न व्हावा, हा वाद नाही. बदलाची किंमत कोणी मोजायची आणि ते कोणी ठरवायचे, हा खरा प्रश्न आहे.

एका घरातले दोन कामगार

आमच्या आजोबांची जमीन खाणीत गेली. जमिनीच्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळाली. ती थोरले म्हणून मोठेबाबांना मिळाली. धाकटे म्हणून बाबा कंत्राटदाराकडे लागले. खाण एकच, धूळ एकच, पाळीही पुष्कळदा एकच. मोठेबाबांचे नाव कंपनीच्या हजेरीपटावर, तर बाबांचे कंत्राटदाराच्या वहीत. उघड्या खाणीत कोळशावरची माती आणि दगड काढण्याच्या कामाला आमच्याकडे 'ओबी'चे काम म्हणतात. ते काम आज मोठ्या प्रमाणावर कंत्राटानेच चालते.

काही वर्षांपूर्वी ती खाण बंद झाली. मोठेबाबांना बदलीचा कागद आला आणि ते त्याच पगारावर दुसऱ्या खाणीत गेले. बाबांना कंत्राटदाराच्या मुनशीने फाटकावरच सांगितले, "उद्यापासून येऊ नका." त्यानंतर आठ महिने बाबा घरी होते. पुढे दुसऱ्या खाणीत दुसऱ्या कंत्राटदाराकडे काम मिळाले. ती खाण काही सूर्याच्या ऊर्जेमुळे बंद झाली नव्हती. तिच्यातला कोळसा संपला होता. परंतु उद्या पर्यावरणासाठी खाणी बंद होऊ लागल्या, तर काय होईल याचा नमुना आम्ही आमच्याच घरात पाहिला आहे.

सामुदायिक सौदा म्हणजे काय?

बैलबाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा होतो. काय ठरले ते दोघांनाच कळते. एकटा कामगार मालकासमोर उभा राहतो तेव्हा त्याचा सौदाही असाच होतो. फरक इतकाच की बोटे मालकाचीच असतात. सामुदायिक सौद्यात सगळ्यांच्या वतीने संघटना बोलते, अटी कागदावर येतात आणि त्या सर्वांना लागू होतात.

कोळसा उद्योगाचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ साली कोल इंडिया स्थापन झाली. पहिला राष्ट्रीय कोळसा वेतन करार १ जानेवारी १९७५ पासून लागू झाला. तेव्हापासून कंपनी आणि केंद्रीय कामगार संघटना यांच्या संयुक्त समितीत असे करार होत आले आहेत. अकरावा करार मे २०२३ मध्ये झाला आणि तो १ जुलै २०२१ पासून लागू धरला गेला. मोठेबाबांचा पगार, त्यांचे औषधपाणी, त्यांची रजा हे सारे अशाच करारांतून आले आहे. कोणी मेहेरबानीने दिलेले नाही.

कायदा काय देतो?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. पूर्वीचे २९ कायदे त्यांत सामावले गेले. खाण किंवा कारखाना बंद होण्याशी ज्यांचा जवळचा संबंध आहे, त्या तरतुदी औद्योगिक संबंध संहितेत आहेत. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील पुष्कळशा गोष्टी तीत पुढे आल्या आहेत.

पहिली तरतूद सूचनेची. यंत्रात किंवा कामाच्या पद्धतीत असा बदल करायचा असेल की ज्यामुळे कामगार कमी होतील, तर २१ दिवस आधी सूचना द्यावी लागते. दुसरी परवानगीची. मोठी खाण किंवा कारखाना बंद करायचा तर सरकारची परवानगी लागते. १९७६ साली ही अट आली तेव्हा ती ३०० कामगारांच्या उद्योगांना होती. पुढे ती १०० वर आणली गेली. नव्या संहितेत पुन्हा ३०० झाली आहे. तिसरी भरपाईची. कामावरून कमी केलेल्या कामगाराला नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार मिळतो. चौथी तरतूद नवी आहे. अशा प्रत्येक कामगारासाठी मालकाने आणखी १५ दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीत भरायचा असतो.

आता जरा हिशेब करू. समजा, एका कामगाराची मजुरी रोज ६०० रुपये आहे. १५ दिवसांचे ९,००० रुपये होतात. अकरा वर्षे काम झाले असेल तर भरपाई ९९,००० रुपये. परंतु कंत्राटी कामगाराची अकरा वर्षे कागदावर अकरा राहत नाहीत. दर निविदेला कंत्राटदार बदलतो, गेटपासवरचे नाव बदलते आणि वर्षांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. शेवटच्या कंत्राटदाराकडे तीन वर्षे झाली असतील तर हातात २७,००० रुपये, तेही कागद जपले असतील आणि भांडायला कोणी असेल तर. आणि पुनर्कौशल्यासाठी मिळणाऱ्या १५ दिवसांच्या पगारात चाळिशी ओलांडलेला माणूस कोणते नवे काम शिकणार?

बोलायचे कोणी?

याहून महत्त्वाचा मुद्दा पुढे आहे. नव्या संहितेनुसार एकापेक्षा अधिक संघटना असतील, तर ज्या संघटनेच्या मागे हजेरीपटावरचे किमान ५१ टक्के कामगार असतील, ती एकटी वाटाघाट करील. तसे बहुमत कोणालाच नसेल, तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची परिषद वाटाघाट करील. नियम सरळ दिसतो. परंतु 'हजेरीपटावरचे' हा शब्द वाचताना मी थांबले. बाबा खाणीच्या हजेरीपटावर नाहीत. म्हणजे खाण बंद करण्याच्या अटी ठरतील तेव्हा मोठेबाबांच्या वतीने कोणीतरी बसलेले असेल. बाबांच्या वतीने कोणी असेलच असे नाही.

संघटनांनी मनात आणले तर ही दरी कमी होते, याचाही दाखला आहे. कोल इंडियाच्या खाणींतील कंत्राटी कामगारांसाठी उच्चाधिकार समितीने वेतन ठरवले. त्यालाच आमच्याकडे 'एचपीसी'चा पगार म्हणतात. तो सर्वांच्या हातात पुरता पडतो की नाही, हा वेगळा विषय आहे. परंतु मागणी करायला आधार तर मिळाला. वेतनाबाबत जे झाले, ते खाण बंद होण्याबाबत का होऊ नये?

कामगारांच्या वतीने कोणी बोलायचे, या प्रश्नावर एक मोठा उद्योग कसा अडकला, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे वाटाघाटीचा अधिकार मात्र राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडेच होता. कामगार एकीकडे आणि कायद्याचे मान्यतापत्र दुसरीकडे, अशी ती अवस्था होती. गिरण्या जुन्या झाल्या होत्या, बदल होणारच होता. पण त्या बदलाच्या अटी कामगारांना ठरवता आल्या नाहीत. ज्या जागी भोंगे वाजत, तेथे आज टोलेजंग इमारती आणि मॉल उभे आहेत.

दोन देश, दोन वाटा

कोळशाच्या बाबतीत ही वेळ आपल्याआधी युरोपावर येऊन गेली. म्हणून तेथील दोन देशांकडे पाहणे उपयोगी ठरेल.

ब्रिटनमध्ये मार्च १९८४ मध्ये सुमारे २० खाणी बंद करण्याची योजना जाहीर झाली आणि खाणकामगारांचा संप सुरू झाला. सरकारने आधीच कोळशाचे साठे करून ठेवले होते. वर्षभर झुंजून मार्च १९८५ मध्ये कामगार कोणत्याही कराराविना कामावर परतले. त्यानंतर एकामागून एक खाणी बंद झाल्या आणि डिसेंबर २०१५ मध्ये शेवटची खोल खाणही बंद झाली.

पश्चिम जर्मनीत वेगळे घडले. तेथे १९५१ च्या कायद्याने कोळसा आणि पोलाद उद्योगातील मोठ्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळावर कामगारांना बरोबरीच्या जागा मिळाल्या होत्या. १९५० च्या दशकाच्या अखेरीस दगडी कोळशाच्या मागणीला ओहोटी लागली. तेव्हा खाणी बंद करण्याचा वेग, लवकर निवृत्ती, दुसऱ्या खाणीत बदली, नव्या कामाचे शिक्षण या गोष्टी वाटाघाटीने ठरत गेल्या. सहा लाखांच्या आसपास असलेले कामगार काही हजारांवर आले. पण त्याला साठ वर्षे लागली. २१ डिसेंबर २०१८ रोजी बोट्रोप येथे दगडी कोळशाची शेवटची खाण बंद झाली. यासाठी सरकारी तिजोरीतून फार मोठा पैसा गेला, हे खरे. परंतु ब्रिटनमध्ये ती किंमत चुकली नाही. ती कामगारांच्या वस्त्यांनी भरली, एवढेच.

अमेरिकेतील तेल व रसायन कामगारांचे नेते टोनी मॅझोकी यांनी एक साधा विचार मांडला. विषारी जमीन साफ करण्यासाठी अमेरिकेत १९८० पासून निधीचा कायदा होता. मातीसाठी निधी असू शकतो, तर पर्यावरणासाठी ज्यांचे काम जाते त्या माणसांसाठी का असू नये, असे त्यांचे म्हणणे होते. २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेतही कामगारांसाठी न्याय्य स्थित्यंतराचा उल्लेख आला. शब्द मोठा आहे. अर्थ बाबांच्या प्रश्नाएवढाच आहे.

मग आज काय करावे?

भारताने २०७० पर्यंत कर्ब उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचे २०२१ साली जाहीर केले. दुसऱ्या बाजूला २०२४-२५ या वर्षात देशात १०० कोटी टनांहून अधिक कोळसा निघाला. म्हणजे कोळसा उद्या बंद होत नाही. काही लोक यावरून म्हणतात, मग आताच चिंता कशाला? मला उलट वाटते. सौदा ताकद असताना करायचा असतो. खाण चालू असते, देशाला कोळसा हवा असतो, तेव्हा कामगाराच्या शब्दाला वजन असते. फाटकाला कुलूप लागल्यावर वर्षामागे १५ दिवसांचा पगार एवढेच बोलणे उरते. खाणीत किती वर्षांचा कोळसा आहे, हे कंपनीला आधीपासून माहीत असते. तर मग कामगाराला ते अगदी शेवटी का कळावे?

म्हणून पुढच्या करारांत पगारवाढीबरोबर काही कलमे आली पाहिजेत, असे मला वाटते. प्रत्येक खाण बंद होण्याचे वेळापत्रक काही वर्षे आधी कामगारांपुढे यावे. कंत्राटदार बदलला तरी कामगाराची वर्षे तुटू नयेत. वाटाघाटीत कंत्राटी कामगारांचाही प्रतिनिधी असावा. नव्या कामाचे शिक्षण खाण चालू असतानाच आणि पगारी वेळेत मिळावे. २०१५ पासून खाण जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आहेत. त्यांच्या पैशातला काही भाग खाणीनंतरच्या रोजगारासाठी बाजूला ठेवला जावा. सौर प्रकल्प उभारताना पुष्कळ हात लागतात, पण तो चालवायला थोडेच पुरतात. शिवाय तो आपल्याच जिल्ह्यात येईल असेही नाही. तेव्हा 'नवे काम आपोआप मिळेल' या भरवशावर कोणी राहू नये. आणि तेथेही काम कंत्राटीच असेल, तर हाच प्रश्न नव्या फाटकावर पुन्हा उभा राहील.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो घरी वाचून दाखवला. मोठेबाबा म्हणाले, त्यांच्या संघटनेच्या सभेत कंत्राटी कामगारांचा विषय ते स्वतः काढतील. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून जुने गेटपास काढले, एकूण पाच निघाले, आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "याचे साल लिहून ठेव." मी ते वर्षांच्या क्रमाने वहीत उतरवून घेतले आहेत. आपल्या वर्गात ज्यांचे वडील किंवा भाऊ कंत्राटावर आहेत, त्यांनीही एवढे करावे. वाटाघाटीच्या टेबलापर्यंत पोहोचायचे तर आपण किती वर्षे काम केले, हे आधी आपल्याच हातात लिहिलेले असले पाहिजे.