गाण्याला फाशी देता येत नाही!

संगीतपट म्हटला की बागेतली प्रेमगीतेच आठवतात. ली हर्श यांचा 'अमांडला!' (२००२) हा माहितीपट मात्र दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाविरुद्धचा लढा गाण्यांतून सांगतो. अमांडला म्हणजे सत्ता!

व्हुयिसिले मिनी हे कामगार नेते आणि गीतकार. गोऱ्या सरकारने १९६४ मध्ये त्यांना फासावर चढवले, बेवारसासारखे पुरले. १९९८ मध्ये त्यांचे अवशेष उकरून सन्मानाने दफन झाले. ते चित्रण पाहताना आम्ही सुन्न झालो. निःशस्त्र जमावाच्या 'तोयी-तोयी' नाचाची धास्ती वाटे, अशी कबुली माजी पोलीसच देतात.

ज्यांच्या हाती ना सत्ता होती ना रेडिओ, त्यांचा इतिहास गाण्यांनीच जपला. म्हणून आम्ही म्हणतो, असे गाणे ही करमणूक नव्हे. तो लढ्याचा दस्तऐवज आहे!