लस मुलांची, सही कोणाची?

शाळेत लसीकरणाचे पथक यायचे असले की मुलांच्या दप्तरातून एक कागद घरी जातो. पालकांनी तो वाचावा, सही करावी आणि परत पाठवावा अशी अपेक्षा असते. आमच्या तोंडवली-तळाशीलच्या पट्ट्यात हा कागद पुष्कळदा आजीच्या हाती पडतो. वडील मुंबईला किंवा पहाटेच दर्यावर गेलेले, आई कामाला. आजी अंगठा उठवते, नाहीतर चिरंजीव स्वतःच वडिलांची सही 'काढून' मोकळे होतात. पण ज्याच्या दंडात सुई जायची, त्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला कोणी काही विचारले का? आणि त्याच्या हो-नाहीला कायद्यात काही किंमत आहे का?

लसीसाठी मुलाची संमती कोणत्या वयापासून ग्राह्य धरावी, हे सांगणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. निरनिराळ्या कायद्यांतून अर्थ लावावा लागतो. १८७५ च्या कायद्यानुसार अठरा वर्षे पूर्ण झाली की माणूस सज्ञान होतो. म्हणूनच इस्पितळात अठराच्या आतील रुग्णाच्या कागदावर पालकांची सही घेतात. दुसरीकडे, जुन्या दंड संहितेच्या ९० व्या कलमात बारा वर्षांखालील मुलाची संमती ही संमतीच नव्हे, असे म्हटले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तीच तरतूद २८ व्या कलमात आहे. बाराच्या आतील मुलाच्या हितासाठी पालकाने संमती द्यावी, असे त्याआधीचे कलम सांगते. म्हणजे बारा ते अठरा हा मधला पट्टा तसा धूसरच राहिला. त्या वयाच्या मुलाच्या संमतीने, त्याच्या भल्यासाठी, सद्‌हेतूने टोचले तर डॉक्टर गुन्हेगार ठरू नये, असा अर्थ त्यातून निघतो. तरीही केवळ मुलाच्या शब्दावर टोचायला बहुतेक डॉक्टर धजत नाहीत, आणि त्यांना मी दोष देणार नाही.

पालकांची सही हा निव्वळ उपचार झाला की काय होते, याचे उदाहरण तेलंगणातील खम्मम जिल्ह्याचे आहे. तो भाग तेव्हा आंध्र प्रदेशात होता. २००९ मध्ये तेथे दहा ते चौदा वर्षांच्या हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी एचपीव्ही लस एका प्रकल्पात देण्यात आली. पुढे काही मुलींचे मृत्यू झाले. लसीशी त्यांचा संबंध दिसत नाही, असे चौकशीत निष्पन्न झाले, पण संमतीपत्रांची तपासणी झाली तेव्हा वेगळेच उघडकीस आले. संसदीय स्थायी समितीच्या ऑगस्ट २०१३ मधील अहवालात ९,५४३ संमतीपत्रांचा उल्लेख आहे. त्यांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या, तर १,९४८ पत्रांवर नुसते अंगठे होते. एप्रिल २०१० मध्येच प्रकल्प थांबला होता. या प्रकरणाने एका चांगल्या लसीबद्दल लोकांच्या मनात जी भीती बसली, ती काढायला आम्हा डॉक्टरांना अजून तोंड वाजवावे लागते.

गोवर-रुबेला मोहिमेच्या वेळीही हाच वाद झाला. महाराष्ट्रात नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांसाठी ही मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ ला सुरू झाली. दिल्लीत मात्र पालकांच्या संमतीची गरज नाही, असे काढलेले पत्र उच्च न्यायालयात गेले. पालकांनी हरकत घेतली नाही म्हणजे त्यांची संमती आहे असे गृहीत धरता येणार नाही, असे न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले. हा निकाल मला पटतो. पण त्यातही सारा प्रश्न पालकांच्या संमतीचाच होता.

इंग्लंडमध्ये या प्रश्नाची तड १९८५ मध्ये लागली. संततिनियमनाचा सल्ला सोळाच्या आतील मुलींना आईवडिलांच्या परवानगीशिवाय देऊ नये, यासाठी गिलिक नावाच्या बाई न्यायालयात गेल्या होत्या. लॉर्ड्स सभागृहाने तीन विरुद्ध दोन मतांनी त्यांच्या विरोधात निकाल दिला. मुलाला उपचार काय आहे आणि त्याचे परिणाम काय, हे नीट समजत असेल, तर त्याची संमती पुरेशी आहे, असे तत्त्व त्यातून आले. तेथील शाळांतल्या लसीकरणातही आज तेच लावतात. दक्षिण आफ्रिकेत बारा वर्षांचे समजदार मूल स्वतः संमती देऊ शकते.

हे जसेच्या तसे आपल्याकडे आणावे असे मला वाटत नाही. आपल्याकडे लस टोचल्यावर ताप आला तर रात्री उशाशी आजीच बसते. तिला अंधारात ठेवून कसे चालेल? पण उलट बाजूही आहे. 'या लसीने पुढे मूल होत नाही' अशा निराधार अफवेपायी घरचे नाही म्हणतात आणि विज्ञानाचे पुस्तक वाचलेली नववीतली मुलगी गप्प बसते. तिच्या आयुष्याचा प्रश्न असताना तिचे म्हणणे ऐकायलाच हवे. बालहक्कांचा जागतिक करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला. मुलाशी संबंधित बाबतीत त्याचे मत वय व समज पाहून विचारात घ्यावे, असे त्याच्या बाराव्या कलमात आहे. अशी मुलगी आली तर मी आधी तिच्याशी एकटीशी बोलतो (नर्सबाई तेथे असतातच) आणि मग तिच्यासमक्ष आईशी. बहुतेक वेळा आईची भीती दहा मिनिटांत उतरते. मुलगीच नको म्हणत असेल तर तिला घट्ट धरून टोचत नाही. पुढच्या आठवड्यात ये म्हणतो, आणि ती येते.

श्वानदंशाची गोष्ट निराळी. कुत्रा चावलेला मुलगा एकटाच येतो आणि सांगतो, "आवस मुंबयक असा, बापूस दर्यार गेलो हा." अशा वेळी सहीसाठी थांबायचे नसते. पालकांची संमती वेळेत मिळणे शक्य नसेल, तर सद्‌हेतूने केलेल्या उपचाराला न्याय संहितेचे ३० वे कलम संरक्षण देते. रेबीज झाल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि पहिला डोस त्याच दिवशी घ्यावा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. खडकावर कालवं काढताना पाय कापला तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही तसेच. राष्ट्रीय वेळापत्रकात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी लस असते, ती चुकवू नये.

जे चाकरमानी मुलांना आजीआजोबांकडे ठेवून जातात, त्यांनी एक साधे काम करून ठेवावे. 'माझ्या गैरहजेरीत उपचार व लसीकरणाला संमती देण्याचा अधिकार अमुक यांना दिला आहे' असे सहीनिशी चार ओळींचे पत्र लिहून, त्यावर आपला फोन क्रमांक घालून, ते मुलाच्या लसीकरण कार्डाला जोडून ठेवावे. मूल बारा वर्षांचे झाले असेल, तर ते पत्र त्यालाही वाचायला द्यावे.