सायटोकाइन-रोधन : दाहशमनाचे सामर्थ्य व मर्यादा

जंतुसंसर्ग होताच रोगप्रतिकारक पेशी सायटोकाइन नावाची संदेशवाहक प्रथिने स्रवतात. त्यांचे प्रमाण अनावर झाल्यास दाह सर्वांगी पसरून फुप्फुसे निकामी होऊ लागतात. इंटरल्यूकिन-६ हे त्यांतील प्रमुख प्रथिन होय. टोसिलिझुमॅब हे प्रतिपिंड त्याचा ग्राही अडवून संदेश पेशीत पोहोचू देत नाही.

एप्रिल २०२१ मध्ये नाशिक हा कोविडने सर्वाधिक बाधित जिल्ह्यांपैकी एक होता आणि राज्यात या इंजेक्शनचा तीव्र तुटवडा होता. तथापि ते सर्वांनाच उपयुक्त नव्हते. भारतातील १२ रुग्णालयांत १८० रुग्णांवर झालेल्या चाचणीतून त्याच्या सरसकट वापरास पुष्टी मिळाली नाही. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत मात्र ४,११६ रुग्ण होते. त्यांत २८ दिवसांतील मृत्युप्रमाण औषध मिळालेल्या गटात ३१ टक्के, तर केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ३५ टक्के आढळले. तेथे प्राणवायूची न्यूनता व सी-रिॲक्टिव्ह प्रथिनाची वाढ हे निवडीचे निकष होते; बहुतेकांस स्टेरॉइडही दिले गेले होते.

संदेश रोखल्याने संसर्गाविरुद्धचे संरक्षणही क्षीण होते. म्हणून टंचाईच्या काळात औषध मिळवण्याइतकेच, ते कोणास व केव्हा द्यावे, हे ठरविणे महत्त्वाचे ठरते.