ओढ्याची प्रकृती कोणी पाहावी?

जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णीच्या परिसरात पावसाळा सुरू झाला की पहिला प्रश्न असतो तो जीवरेखा धरणात पाणी किती आले, हा. अवर्षणाने पोळलेल्या प्रदेशात हा प्रश्न स्वाभाविकच आहे. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना पाण्याच्या थेंबाचे मोल सांगावयास नको. परंतु धरणाकडे जाणारे पाणी ज्या लहानसहान ओढ्यांतून येते, त्यांची प्रकृती कशी आहे हे मात्र कोणी विचारीत नाही.

ओढ्याचे मोजमाप आपण करतो, नाही असे नाही. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात नाल्यांचे खोलीकरण व रुंदीकरण मोठ्या प्रमाणावर झाले. त्याचा हिशेब साठलेल्या पाण्याच्या घनमीटरांत मांडला गेला. ९,६३३ कोटी रुपये खर्च होऊनही भूजलपातळी वाढविण्यात विशेष यश आले नाही, असे महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये नमूद केले. त्यावर वाद झाला, तोही पाण्याच्या परिमाणाचाच. यंत्राने तळ खरवडला, तेव्हा उथळ खडकाळ धार, डोह आणि काठची झुडपे यांचे काय झाले, हा रकाना त्या हिशेबात नव्हताच.

ओढा हा निव्वळ पाण्याचा पाट नव्हे. ती जिवंत व्यवस्था आहे. तिची परीक्षा करण्याची पद्धत मुळीच अवघड नाही. वाहत्या धारेतील दगड उलटून त्याखालचे जीव पाहावेत. वाळूच्या कणांचे घर करून राहणारी कॅडिसफ्लायची अळी, तीन शेपट्यांची मेफ्लायची अळी यांच्या बहुतेक जातींना स्वच्छ व प्राणवायूयुक्त पाणी लागते. केवळ लाल अळ्याच वळवळत असतील, तर पाण्यात सेंद्रिय घाण वाढून प्राणवायू घटला आहे असा संशय घ्यावा. त्या अळ्यांच्या शरीरातील हिमोग्लोबिनमुळे त्या अशा पाण्यातही तग धरतात. कोल्कविट्झ व मार्सन या जर्मन संशोधकांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी हा विचार शास्त्रशुद्ध मांडला. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही जैविक निकष तयार केले आहेत.

बाटलीत भरलेले पाणी त्या घटकेची साक्ष देते. तळाचे जीव मागील अनेक आठवड्यांची देतात. कपाशीवर फवारलेले कीटकनाशक एखाद्या सरीबरोबर ओढ्यात उतरते आणि वाहून जाते. दुसऱ्या दिवशीचा नमुना कदाचित निर्दोष ठरेल, पण दगडाखालची वस्ती मात्र उठलेली असते. खतांतील नत्र व स्फुरद यांमुळे शेवाळ माजते. ते दिवसा प्राणवायू सोडते, रात्री मात्र वापरते; म्हणून दुपारी बरे दिसणारे पाणी पहाटे गुदमरलेले असू शकते.

येथे एक सावधगिरी हवी. मराठवाड्यातील बहुतेक ओढे हंगामी आहेत. उन्हाळ्यात ते कोरडे पडतात, हा सर्वस्वी रोग नव्हे. इंग्लंडच्या बारमाही ओहोळांसाठी केलेली गुणपत्रिका त्यांना जशीच्या तशी लावणे अन्यायाचे ठरेल. आपली पाहणी पाऊस ओसरल्यावर, धार वाहती असताना व्हावी. आणि तुलना त्याच ओढ्याच्या वरच्या, कमी बिघडलेल्या भागाशी व्हावी.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता प्रश्न घसाऱ्याचा आहे. कारखानदार यंत्राची झीज हिशेबात धरतो. गाव आपल्या ओढ्याची झीज धरीत नाही. वरच्या शेतकऱ्याच्या खताचा व फवारणीचा काही खर्च खालच्या विहिरीला सोसावा लागतो, आणि तो कोणाच्याही वहीत लिहिला जात नाही. याचा दोष एकट्या शेतकऱ्याला देणे सोपे, परंतु चुकीचे होय. पीक गेले तर त्याचे वर्ष जाते. ज्या नुकसानीची नोंदच नाही, ते त्याने टाळावे ही अपेक्षा कशाच्या बळावर करावयाची?

म्हणून प्रथम नोंद हवी. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक समितीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. त्या वहीत गावच्या ओढ्यास दरवर्षी एक पान द्यावे. महाविद्यालयांत पर्यावरण हा विषय शिकविला जातो आणि त्याचे प्रकल्प पुष्कळदा पुस्तकांतून उतरविले जातात. त्याऐवजी विद्यार्थ्यांनी एक चाळणी, एक पांढरे ताट व एक भिंग घेऊन ओढ्यावर जावे. कोणते जीव दिसले, काठावर सावली किती, तळ दगडांचा की गाळाचा, एवढे लिहून ग्रामसभेपुढे ठेवावे. पाच वर्षांची अशी पाने जमली म्हणजे पुढच्या वेळी यंत्र ओढ्यात उतरण्यापूर्वी गावाला काही विचारता येईल.

हे काम शास्त्रज्ञांची वाट पाहत थांबण्यासारखे नाही. त्यास मोठा निधीही नको. हवा आहे तो एक शिक्षक, दहा विद्यार्थी आणि दिवाळीच्या सुटीतील एक सकाळ.