लहान मुलाच्या कडक उपचाराआधी विचारायचा एक प्रश्न

सिकलसेल हा आजार विदर्भातल्या आपल्या वस्त्यांना नवा नाही. एखाद्या मुलाचा बोन मॅरो बदलायचा ठरला की आधी केमोथेरपीची कडक औषधे देतात. कर्करोगातही तेच. मूल वाचते, ही मोठी गोष्ट. पण त्या औषधांनी वृषणातील, म्हणजे अंडगोळीतील, बीजपेशी मरू शकतात आणि पुढे त्याला स्वतःचे मूल होणे अवघड जाते. वयात आलेल्या मुलाचे वीर्य आधी गोठवून ठेवता येते. सात-आठ वर्षांच्या पोराचे काय? त्याचे शुक्राणू अजून तयारच झालेले नसतात. विषय संकोचाचा वाटेल, तरी घरात आईबापांनी मिळून वाचावा असे आम्हाला वाटते.

वृषण काम कसे करते, हे प्रथम कोंबड्यांवरून कळले. १८४९ साली जर्मनीत गटिंगेन येथे अर्नोल्ड बेर्टहोल्ड यांनी कोवळ्या कोंबड्यांचे वृषण काढले आणि काहींच्या पोटात दुसऱ्या जागी ते परत बसवले. ज्यांना बसवले नाही त्यांचा तुरा खुरटला. ज्यांना बसवले ते मोठे होऊन आरवू लागले, झुंजू लागले. मज्जातंतू तर तुटलेले होते. मग हुकूम गेला कुठून? रक्तातून. रक्तातून हुकूम नेणाऱ्या या द्रव्यांना आज आपण हार्मोन म्हणतो.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिचे हार्मोन वृषणाला कामाला लावतात. वृषण टेस्टोस्टेरॉन बनवते आणि ते रक्तात पुरेसे झाले की ग्रंथी हात आखडते. पाण्याच्या टाकीत भरत आले की फुगा नळ बंद करतो, तसेच. वृषण काढलेल्या उंदरात हा फुगाच उरत नाही, म्हणून ग्रंथी हार्मोन सोडतच राहते.

याचाच उपयोग २००२ साली अमेरिकेत इना डोब्रिन्स्की आणि सहकाऱ्यांनी केला. नवजात डुक्कर व बकरीच्या पिल्लांच्या वृषणाचे बारीक तुकडे त्यांनी अशा उंदरांच्या पाठीच्या कातडीखाली लावले. परके मांस झिडकारण्याची ताकद नसलेलेच उंदीर त्यासाठी निवडले होते. उंदराच्या हार्मोनवर ते तुकडे वाढले आणि त्यांत डुकराचे, बोकडाचे शुक्राणू तयार झाले! मुक्या जिवांवरचे असे प्रयोग आम्हालाही खटकतात. पण माणसाच्या पोरावर थेट करून पाहणे त्याहून वाईट ठरले असते.

पुढे माकडांवर प्रयोग झाला. वयात येण्याआधी काढून गोठवलेला तुकडा नंतर त्याच माकडाच्या कातडीखाली लावला. वर्षभराच्या आत त्यात शुक्राणू आले आणि त्यांतून ग्रेडी नावाची मादी जन्मली. ही माहिती २०१९ साली प्रसिद्ध झाली. तुकड्यातले शुक्राणू आपोआप बाहेर येत नाहीत. ते काढून प्रयोगशाळेत बीजात सोडावे लागतात.

जानेवारी २०२५ मध्ये बेल्जियममधील ब्रसेल्सच्या रुग्णालयाने एका तरुणात असे रोपण केल्याचे जाहीर केले. त्यालाही सिकलसेल होता आणि दहाव्या वर्षी, उपचारापूर्वी, त्याचा तुकडा गोठवून ठेवला होता. रक्ताच्या कर्करोगात मात्र धोका आहे: तुकड्याबरोबर कर्करोगाच्या पेशीही परत अंगात जाऊ शकतात.

हे अजून संशोधनच आहे, सरसकट मिळणारा उपचार नव्हे. यासाठी मुलाचा उपचार लांबवू नये. मात्र केमोथेरपीची पहिली बाटली लावण्यापूर्वी डॉक्टरांना एवढे विचारावे: “या औषधाने पुढे मूल होण्यावर परिणाम होईल का, आणि आत्ता काही राखून ठेवता येईल का?” नंतर विचारून उपयोग नसतो.